आय नाही, पी

रात्री साडेनऊला माझ्या चुलत भावाच्या बायकोचा फोन आला. आवाज दबका, मागे नळ सोडलेला. बाहेरच्या खोलीत कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती मोरीत उभी होती, हे नंतर कळलं. म्हणाली, "ताई, मला एचआयव्ही झालाय."

लॅबने रिपोर्ट व्हॉट्सॅपवर टाकला होता. मी तो मागवून घेतला. बाकी सगळं काळ्या बारीक अक्षरांत आणि एकच ओळ लाल, ठळक : ‘एचपीव्ही 16 – डिटेक्टेड’. मी म्हटलं, "आय नाही गं, पी आहे तो. वेगळा विषाणू आहे." नळ बंद झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग तिने जे विचारलं, ते हा रिपोर्ट हातात आलेली जवळजवळ प्रत्येक विवाहित बाई विचारते : "मग हा आला कुठून? ह्यांचं बाहेर काही...?"

ती विचारत होती ते माझ्याच भावाबद्दल. त्यामुळे मी जे उत्तर दिलं ते तिला बहिणीने भावाची घेतलेली बाजू वाटलं असणार. पण भाऊ नसता तरी उत्तर तेच होतं : सांगता येत नाही. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे 200 हून अधिक प्रकार आहेत आणि त्यातले काही लैंगिक संबंधातून, त्वचेला त्वचा लागून पसरतात. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. 10 पैकी साधारण 9 जणांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप दिसेनासा होतो. आला कधी आणि गेला कधी, पत्ताही लागत नाही. उरलेल्यांत तो पेशींमध्ये वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, आणि 16 सारखे काही प्रकार पुढे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरकडे नेऊ शकतात. म्हणजे आज सापडलेला विषाणू गेल्या महिन्यातला असेल किंवा लग्नाच्या पहिल्या वर्षातला. नवऱ्याकडून आला असेल किंवा त्याच्या, हिच्या कुठल्या जुन्या संबंधातून. तारीख सांगणारी तपासणी अस्तित्वात नाही. पुरुषांसाठी तर नेहमीच्या वापरात मान्यता मिळालेली एचपीव्हीची चाचणीच नाही, त्यामुळे ‘ह्यांनाही तपासून घेऊ’ हा मार्गही बंद.

हे एवढं सगळं सांगायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कोण देतो, यावर योग्य डॉक्टर सापडला की नाही ते बऱ्याच अंशी ठरतं, असं माझं मत आहे.

तिच्या वाट्याला आलेल्या पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं दिली. रिपोर्ट पाहिला, मुलं किती विचारलं, आणि म्हणाले, "दोन झालीत ना? मग पिशवी काढून टाकू. कटकट नको." गर्भाशय काढायचा हा सल्ला आपल्याकडे इतका सहज दिला जातो की बायकांनाही तो फारसा खटकत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. 82 हजारांवर बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, एवढ्यावरून ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती घालून अनेकींना टेबलावर घेतलं गेलं होतं.

नुसत्या एचपीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्टवर गर्भाशय काढणं विज्ञानाला धरून नाही. विषाणू मुक्कामाला असतो तो पिशवीच्या तोंडावरच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या, पेशींत. पण योनिमार्गातही तो असू शकतो. पिशवी गेली म्हणून तो जात नाही. शिवाय आत खरोखरच कॅन्सर लपलेला असेल आणि तो न तपासता साधी शस्त्रक्रिया केली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. विषाणूवर थेट औषधही नाही. ‘व्हायरस मारण्याच्या’ गोळ्या, प्रतिकारशक्तीची पावडर, महिन्याचा कोर्स असं काही कुणी हातात ठेवलं, तर पैसे देण्याआधी उठलेलं बरं. लसही झालेला संसर्ग घालवत नाही, ती पुढचा अडवते. उपचार होतो तो विषाणूने बिघडवलेल्या पेशींवर, आणि आधी त्या बिघडल्या आहेत का, हे पाहावं लागतं.

पाहण्याच्या त्या तपासणीचं नाव कॉल्पोस्कोपी. जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी 1925 मध्ये बनवलेलं हे एक प्रकारचं दुर्बिणीसारखं यंत्र. ते बाहेरच राहतं, शरीरात जात नाही. गर्भाशयमुखावर 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात. आपल्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर साधारण याच तीव्रतेचं असतं. बिघडलेल्या पेशींत केंद्रकं मोठी आणि प्रथिनं दाटलेली असतात. आम्लाने ती तात्पुरती गोठतात, प्रकाश परतवतात आणि मिनिटभरात तो भाग पांढरा दिसू लागतो. मग आयोडीन. निरोगी पेशींत साखरेचा साठा असतो, त्या गडद तपकिरी होतात. बिघडलेल्या बहुधा रंग धरत नाहीत. जिथे संशय येतो तिथला तिळाएवढा तुकडा बायोप्सीला पाठवायचा. एवढीच गोष्ट, पण पांढरं कितपत पांढरं हे ओळखायला नजर सरावलेली लागते.

इथे मला मुंबईचं एक उदाहरण आठवतं. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. त्यात हे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं काम दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी केलं, आणि तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. सांगायचा मुद्दा असा की पाटीवरच्या पदव्यांपेक्षा हातून किती तपासण्या गेल्यात ते महत्त्वाचं. ब्रिटनच्या सरकारी तपासणी योजनेत कॉल्पोस्कोपी करणाऱ्याने वर्षाला किमान 50 नवे, रिपोर्ट बिघडलेले रुग्ण पाहायला हवेत असा दंडकच आहे.

आपण मात्र हा प्रश्न विचारायला लाजतो. माझ्या भावजयीने तो रिसेप्शनवरच्या मुलीला फोनवर विचारला : "कॉल्पोस्कोपी इथेच होते का? कोण करतं? आठवड्यात किती होतात?" तीन ठिकाणी ‘बाहेरून डॉक्टर बोलावतो’ असं उत्तर आलं. चौथ्या ठिकाणी मुलगी म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी फक्त तेच असतं." मोठ्या शहरांतल्या कॅन्सर रुग्णालयांत प्रतिबंधक तपासणीची ओपीडी असते, वैद्यकीय महाविद्यालयांतही विचारता येतं, आणि कॉल्पोस्कोपीचं रीतसर प्रशिक्षण देणारी इंडियन सोसायटी ऑफ कॉल्पोस्कोपी अँड सर्व्हायकल पॅथॉलॉजी ही डॉक्टरांची संघटना आहे.

एचपीव्हीमुळेच येणाऱ्या चामखिळींचा रस्ता वेगळा. जननेंद्रियांवर कोंब यावेत तशा त्या येतात, बहुतेक वेळा 6 आणि 11 या प्रकारांमुळे, आणि हे प्रकार कॅन्सरच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यासाठी जायचं ते त्वचारोगतज्ज्ञाकडे. पण पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दाने माणूस जिन्यातूनच परततो. मग एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवतो. पुरुष तर हमखास. द्रव नायट्रोजनने गोठवून, जाळून किंवा मलम लावून चामखिळी जातात. आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेत विषाणू उरलेला असल्याने काही महिन्यांत पुन्हा येऊही शकतात. हे ज्याला आधी सांगितलेलं नसतं, तो तिसऱ्या खेपेला खचतो आणि डॉक्टर बदलतो.

चौथ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे उलट्या पेरूसारखं गर्भाशय काढलं, देठाकडे पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, "भांडण फक्त एवढ्या जागेत आहे." तपासणीआधी सांगितलं की ‘थांबा’ म्हटलं की मी थांबणार. भावजय म्हणते, तिने थांबा म्हटलंच नाही, पण म्हणता येतं हे कळल्यावर मांड्या सैल पडल्या.

बायोप्सीचा निकाल यायला आठ दिवस लागले आणि सगळ्यात वाईट तेच होते. रात्री दोनला मोबाइलवर फोटो बघत बसायची. नवऱ्याच्या ताटात वाढताना हात आखडायचा, त्याला काही सांगितलेलं नव्हतं. स्वतःचीच किळस येते म्हणाली. याचा अभ्यास झालेला आहे. लंडनच्या संशोधकांनी 2007 मध्ये विद्यार्थिनींच्या पाहणीत पाहिलं की एचपीव्ही लैंगिक संबंधातून होतो एवढंच ज्यांना माहीत, त्यांना लाज जास्त वाटेल असं वाटत होतं. आणि तो किती सर्रास आढळतो हे ज्यांना माहीत, त्यांची लाज आणि काळजी दोन्ही कमी होती. अर्धीच माहिती दिली की माणूस उरलेली जागा अपराधाने भरतो. म्हणून नवऱ्याला सांगायचंच असेल तर डॉक्टरांच्या समोर, त्यांच्या तोंडून सांगणं सोपं जातं. तिने तसंच केलं. माझा भाऊ दहा मिनिटं फरशीकडे बघत होता आणि शेवटी विचारता झाला, "मॅडम, माझ्यामुळे झालं का?" त्यालाही तेच उत्तर मिळालं : सांगता येत नाही. दोघांपैकी कुणालाच आरोपी न करणारं हे वाक्य त्या घराला औषधासारखं लागू पडलं. ज्यांना असं कुणी भेटत नाही, झोपच येत नाही, त्यांच्यासाठी 14416 हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं.

निकाल आला : सीआयएन 3. म्हणजे कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या आधीचा वरचा टप्पा. सीआयएन 1 असतं तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, कारण ते बरेचदा आपसूक मावळतं. 3 मात्र सोडायचं नसतं. हे आपल्याला कळलं ते एका लाजिरवाण्या प्रसंगातून : न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये 1960 आणि 70 च्या दशकांत सीआयएन 3 असलेल्या अनेक बायकांना पुरेसा उपचार न देता डॉक्टर नुसतं बघत राहिले. नंतर हिशेब मांडला तेव्हा अशा बायकांपैकी 31 टक्के जणींना 30 वर्षांत कॅन्सर झालेला होता. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण 1 टक्क्याच्याही खाली होतं. तीच आकडेवारी उलटीही वाचता येते : काळ वर्षांत मोजायचा आहे, तासांत नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला पंधरा दिवस गेले तर काही बिघडत नाही.

तिचं लीप झालं. जागा बधिर करून, विजेच्या तापलेल्या तारेच्या फासाने बिघडलेला भाग कापून काढतात. पंधरा-वीस मिनिटं. धूर ओढणाऱ्या पंपाची घरघर आणि जळका वास आधी सांगितला होता, म्हणून ती दचकली नाही. पुढे काही दिवस कॉफीच्या चोथ्यासारखं जातं, तेही सांगितलं होतं. महिनाभर संबंध नाहीत, जड उचलायचं नाही. मूल हवं असतं तर वेगळा विचार झाला असता, कारण पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी प्रसूतीची शक्यता थोडी वाढते. तोही प्रश्न बाईंनी आधीच विचारला होता.

सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी केली. त्या ओळीत आता ‘नॉट डिटेक्टेड’ होतं, काळ्या अक्षरांत. बाई म्हणाल्या, छान, पण अधूनमधून तपासणी पंचवीस वर्षं चालू ठेवायची. मला हे फोनवर सांगताना तिने बोटांवर हिशेब केला असावा, कारण मधे थांबली. "म्हणजे मी सहासष्टची होईन, ताई. तोवर मॅडमच रिटायर होतील. नवीन कोण ते आत्तापासून बघून ठेवायला लागणार."