गाडी सुटायच्या वेळचा माणूस

गेल्या उन्हाळ्यात परभणीला बहिणीकडे असताना एका परदेशी प्रवास-स्पर्धेचा भाग आम्ही घरातल्या आणि शेजारच्या सात-आठ जणांनी एकत्र बसून पाहिला. जोडीजोडीने देशोदेशी धावणाऱ्या स्पर्धकांपैकी एक तरुण विमानतळ गाठण्यासाठी टॅक्सी शोधत होता. चालकाला त्याची भाषा कळत नव्हती, घड्याळ पुढे सरकत होते, आणि शेवटी तो तरुण बरोबरच्या आपल्याच बहिणीवर चारचौघांत खेकसला. खोलीतला निकाल अर्ध्या मिनिटात लागला. "कामून ओरडू लालाय तिच्यावर? लई माजोरी दिसू लालाय हा," असे भाची म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. फक्त शेजारचे काका, जे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत, वेगळे बोलले. "गाडी सुटायच्या वेळचा माणूस आन् गाडीत बूड टेकल्यावरचा माणूस, ह्ये दोन येगळे असतेत बाई. म्या उभा जन्म स्टँडवर हेच पाह्यलं."

काकांच्या या वाक्यात जे आहे, ते सिद्ध करण्यासाठी मानसशास्त्राला अनेक वर्षे प्रयोग करावे लागले. अशा कार्यक्रमांतील स्पर्धकांबद्दल आपण इतक्या झटपट आणि इतक्या ठामपणे मते का बनवतो, हे त्या प्रयोगांच्या आधाराने बरेचसे उलगडते.

या प्रकारच्या कार्यक्रमांना आजचे रूप दिले ते 'द अमेझिंग रेस' या अमेरिकी मालिकेने. तिचा पहिला भाग ५ सप्टेंबर २००१ रोजी प्रसारित झाला आणि पहिल्याच पर्वात स्पर्धक भारतात, थेट ताजमहालापर्यंत येऊन गेले. दोघादोघांचे संघ असतात, पुढच्या मुक्कामाची खूण बंद पाकिटातून मिळते, खर्चाला मोजके पैसे दिले जातात, आणि टप्प्याच्या शेवटी सर्वांत मागे राहिलेला संघ बहुधा बाद होतो. शेवटपर्यंत टिकून पहिला येणाऱ्या संघाला दहा लाख डॉलर मिळतात. या रचनेतली खरी हुशारी जोडी निवडण्यात आहे. नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-बहीण, जुने मित्र अशांनाच धावायला लावल्यामुळे प्रेक्षक शर्यत जितकी पाहतो तितकीच नातीही पाहतो, आणि नात्यांविषयी मत देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे प्रत्येकालाच वाटते.

दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला फार आणि त्याच्या परिस्थितीला फार थोडे महत्त्व देतो. ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीला मूलभूत चूक असे म्हटले. त्याच वर्षी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रश्नमंजूषेचा होता. दोन जणांपैकी एकाला प्रश्न विचारणारा आणि दुसऱ्याला उत्तरे देणारा ठरवण्यात आले, तेही केवळ योगायोगाने आणि सर्वांना माहीत असेल अशा रीतीने. प्रश्न विचारणाऱ्याने ते स्वतःच्या माहितीतून, मुद्दाम अवघड असे तयार करायचे होते. साहजिकच उत्तरे देणारा वारंवार अडखळला. तरीही हे सगळे पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला अधिक ज्ञानी ठरवले. कोणाच्या हाती काय सोपवले होते हे डोळ्यांसमोर असूनही त्यांच्या निर्णयात ते उतरले नाही. अनोळखी शहरात रस्ता चुकलेल्या स्पर्धकाला आपण 'बावळट' म्हणतो, तेव्हा हेच घडत असते. ज्या शहराचा नकाशा आपल्याला पडद्यावर आयता दाखवला जातो, तो त्याच्याजवळ नसतो.

घाईचा परिणाम दाखवणारा प्रयोग मला याहूनही महत्त्वाचा वाटतो, कारण प्रवास-स्पर्धेचा प्राणच घाई आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी तो अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भाग घेणारे तरुण धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते, म्हणजे पुढे धर्मोपदेशक होऊ पाहणारे. त्यांना एक छोटे भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत जायचे होते. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधील कथा हाच होता. काहींना सांगितले गेले की अजून वेळ आहे, काहींना की वेळेवर निघा, आणि काहींना की तुम्हाला उशीर झाला आहे, लोक वाट पाहत आहेत. वाटेत एका दारापाशी एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्यासाठी थांबले, मधल्या गटातील ४५ टक्के थांबले, आणि ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणावा असा फरक पडला नाही. हे विद्यार्थी गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले गेले होते, त्यामुळे एका गटात सज्जन आणि दुसऱ्या गटात निष्ठुर जमले असे म्हणण्याला जागा नाही. त्यांच्यात फरक होता तो काही मिनिटांचा.

समजा, अशा स्पर्धेचा एक टप्पा मे महिन्यात मराठवाड्यात ठेवला. पहाटे रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला उतरायचे, देवगिरी किल्ल्याची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, पार करून वरून एक निशाणी आणायची, तेथून पैठणला जाऊन मागावर बसून तुटलेले धागे सांधायचे, आणि दिवस मावळायच्या आत वेरूळ गाठायचे. पारा चाळिशीच्या वर, बसला उभे राहायलाही जागा नाही, आणि आदली रात्र डब्याच्या दारापाशी बसून काढलेली. या माणसांचे बोलणे गोड राहील अशी अपेक्षा आपल्याकडचा कोणीही शेतकरी किंवा शाळकरी पोरगाही करणार नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात फीनिक्स नावाचे आपल्यासारखेच तापणारे शहर आहे. तेथे हिरवा दिवा लागूनही एक गाडी मुद्दाम थांबवून ठेवायची आणि मागचे किती वेळ हॉर्न वाजवतात हे मोजायचे, असा एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. जसजसे ऊन वाढले तसतसे हॉर्न वाढले, आणि ज्यांच्या गाड्यांच्या काचा उघड्या होत्या, म्हणजे ज्यांना गारव्याची सोय नव्हती, त्यांच्यात हा संबंध अधिक ठळक दिसला. जागरणाचे मोजमाप तर मेंदूतच झाले आहे. सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली असता, भीती आणि संताप यांच्याशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद झोप घेतलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त आढळला, आणि या भागाला लगाम घालणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाशी त्याचा संपर्क सैल झालेला दिसला. हा अभ्यास २००७ मधला आहे.

ऊन, भूक आणि जागरण यांपैकी काहीही कॅमेऱ्याला नीट दाखवता येत नाही. खेकसणे मात्र स्पष्ट दाखवता येते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह याने सुमारे १९२० च्या काळात एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा एका स्त्रीच्या दृश्यानंतर जोडून दाखवला, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे सांगितले जाते. आजच्या संकलकाच्या हाती याहून कितीतरी अधिक साधने आहेत. दिवसभर चाललेले चित्रीकरण पाऊण तासात बसवताना बहुतेक सगळे कापावेच लागते, आणि कापताना ज्यात गोष्ट पुढे सरकते तेच ठेवले जाते. त्या तरुणाने सकाळी बहिणीचे ओझे उचलले असेल, दुपारी तिला आपले पाणी दिले असेल, पण त्यातून गोष्ट पुढे सरकत नाही. दाखवलेला क्षण खोटा नसतो, त्याच्या मागचा दिवस तेवढा नाहीसा झालेला असतो.

अशा क्षणी प्रेक्षकाच्या मनात जो संताप उसळतो, त्यात सुखाचाही अंश असतो, आणि हे मान्य करायला आपण कचरतो. झुरिच येथील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुष स्वयंसेवक पैशांचा विश्वासावर चालणारा खेळ खेळले. समोरच्याने विश्वासघात केला तर त्याला दंड करण्याची मुभा होती, कधी फुकट, तर कधी स्वतःच्या खिशाला चाट लावून. दंड करायचे ठरवताना त्यांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात हालचाल वाढली. बक्षीस मिळण्याच्या अपेक्षेने जागा होणारा भाग हाच. ज्यांच्यात ही हालचाल जास्त होती, ते दंडासाठी स्वतःचे अधिक पैसे घालवायलाही तयार होते. नियम मोडणाऱ्याला शासन व्हावे या ओढीमुळेच माणसांचे मोठे समूह एकत्र नांदू शकले असावेत, म्हणून मी तिला दोष म्हणणार नाही. मात्र दिवाणखान्यात बसून ही ओढ भागवताना आपल्या खिशाला कसलीच चाट बसत नाही. आवडता संघ पहिला आल्याचा आनंद आणि नावडता संघ बाद झाल्याचा आनंद एकाच मुळातून येतात, आणि कार्यक्रम करणाऱ्यांना ते पुरते ठाऊक असते.

प्रेमाचेही असेच आहे. एलियट अ‍ॅरनसन याने १९६६ मध्ये दाखवले की प्रश्नमंजूषेत जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर देणाऱ्या उमेदवाराच्या हातून कॉफी सांडली, तर ऐकणाऱ्यांना तो अधिक आवडू लागतो, आणि जेमतेम उत्तरे देणाऱ्याच्या हातून तीच कॉफी सांडली तर आणखी नावडतो. चूक एकच असते, पण ती कोणाच्या पदरात पडली यावर तिचे मोल ठरते.

आता काकांकडे परत यावे लागेल. रॉसने ज्या सवयीला मूलभूत म्हटले ती सर्व समाजांत सारखी नाही, हे दाखवणारे एक महत्त्वाचे काम आपल्या शेजारच्या कर्नाटकात झाले आहे. जोन मिलर या संशोधिकेने म्हैसूर आणि शिकागो येथील मोठ्यांना व मुलांना आपल्या ओळखीच्या माणसांची बरी-वाईट वागणूक सांगायला लावली आणि तिचे कारण विचारले. तिचा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हैसूरच्या एका माणसाने सांगितलेली हकिगत अशी होती: मोटारसायकलचे मागचे चाक फुटले, मागे बसलेल्याच्या डोक्याला मार लागला, आणि गाडी चालवणारा वकील त्याला जवळच्या दवाखान्यात सोडून कोर्टाच्या कामाला निघून गेला. अमेरिकी वाचकांनी त्या वकिलाला बेजबाबदार ठरवले. भारतीयांनी म्हटले की त्याच्या अशिलाची तारीख असेल, तो गोंधळला असेल, जखम तेवढी गंभीर दिसली नसेल. आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला, याचा अर्थ परिस्थितीकडे पाहण्याची ही दृष्टी मोठ्यांच्या सहवासात शिकली जाते.

आपल्याकडे एखाद्याचे वागणे खटकले की "घरी काही झालंय का त्याच्या?" असे विचारणारे एखादे माणूस अजूनही असते. पण विचारपूस करायला काहीतरी माहिती लागते, आणि पडदा नेमकी तीच काढून घेतो. वागणे समोर उरते, त्याचा मागचा-पुढचा संदर्भ उरत नाही. मग म्हैसूरचा प्रेक्षक काय किंवा परभणीचा काय, शिकागोच्या प्रेक्षकासारखाच न्याय देऊ लागतो.

यात कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच लिहून ठेवले होते की दूरचित्रवाणी प्रेक्षकाला जवळिकीचा आभास देते. आपण त्यांना ओळखतो असे वाटते, पण ते आपल्याला ओळखत नाहीत. आता मात्र आपला शब्द समाजमाध्यमांतून त्यांच्यापर्यंत पोहोचतो. जपानमध्ये अशाच एका रिअ‍ॅलिटी शोमधील २२ वर्षांची कुस्तीपटू हाना किमुरा हिचा मे २०२० मध्ये मृत्यू झाला. कार्यक्रमातील एका प्रसंगानंतर तिच्यावर अपमानास्पद संदेशांचा भडिमार झाला होता, आणि त्यानंतर देशभर उसळलेल्या चर्चेतून २०२२ मध्ये तेथे अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा कडक करण्यात आली. लिहिणाऱ्यांपैकी फारच थोडे जण तिला कधी भेटले असतील.

परभणीत त्या कार्यक्रमाचा पुढचा भागही आम्ही एकत्रच पाहिला. त्या टप्प्याच्या आधी संघांना रात्रभर विश्रांती मिळाली होती. तोच तरुण बाजारातून जाताना थांबला, एका म्हाताऱ्या फळवाल्याची कलंडलेली टोपली त्याने बहिणीच्या मदतीने सरळ केली आणि मगच पुढे पळाला. भाची पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आज दुसराच माणूस दाखवू लालेत." काका काही बोलले नाहीत. त्यांनी शेंगांचे ताट तिच्याकडे सरकवले आणि विचारले, "रात्री झोपला असंल ना त्यो?"