कॅसोवरी : बंदरावर भेटलेला, जंगलात उशिरा उमगलेला

कॅसोवरी हा न्यू गिनी, लगतची काही बेटे आणि ऑस्ट्रेलियातील ईशान्य क्वीन्सलँड एवढ्याच टापूतल्या वर्षावनांत राहणारा, उडता न येणारा मोठा पक्षी आहे. माणसाशी त्याचा संबंध फार जुना आहे. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील शैलाश्रयांत सापडलेल्या अंड्यांच्या कवचांवरून असे दिसते की, पिल्लू बाहेर येण्याच्या बेतात असलेली अंडी तिथले लोक सुमारे १८,००० वर्षांपूर्वीही गोळा करत होते. त्यांतली काही पिल्ले ते वाढवतही असावेत, असे मत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले.

युरोपला मात्र हा पक्षी जंगलात नव्हे, तर बंदरावर भेटला. १५९६ मध्ये डच खलाशांना तो जावाच्या किनाऱ्यावर मिळाला, पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला पोचला आणि या हातातून त्या हातात जात अखेर पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्याकडे गेला. जावा हे त्याचे घर नव्हतेच. पूर्वेकडच्या बेटांवरून त्याला तिथे आणलेले होते. त्या काळी त्यालाच ‘एमू’ म्हणत. हे नाव पुढे ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्याच पक्ष्याला चिकटले आणि याच्याकडे मलय भाषेतले ‘कसुआरी’ उरले. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील सुरूचे शास्त्रीय नाव ‘कॅज्युअरिना’ याच शब्दावरून आले आहे, कारण सुरूच्या लोंबत्या, बारीक डहाळ्या या पक्ष्याच्या केसांसारख्या पिसांची आठवण करून देतात. पक्षी कधीच न आलेल्या आपल्या वाळूत त्याची उपमा तेवढी रुजली, हा योगायोग गमतीचाच.

ऑस्ट्रेलियातील कॅसोवरीची शास्त्रीय नोंद त्यानंतर अडीचशे वर्षांनी झाली. १८४८ मध्ये संशोधक-प्रवासी एडमंड केनेडीच्या मोहिमेतील निसर्गअभ्यासक थॉमस वॉल याने क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाकडील केप यॉर्कवर एक कॅसोवरी गोळीने टिपला. पण तेरा जणांच्या त्या मोहिमेतून तिघेच जिवंत परतले, वॉल त्यांत नव्हता आणि नमुनाही हरवला.

पायाच्या आतल्या बोटावरील सुमारे १२ सेंटिमीटरच्या नखीमुळे कॅसोवरी ‘घातक’ म्हणूनच गाजला. प्रत्यक्षात तो मुख्यतः जमिनीवर पडलेली फळे अख्खी गिळतो आणि बिया दूरवर, विष्ठेच्या ओल्या ढिगात टाकतो. क्वीन्सलँडमधील एका दुर्मीळ वृक्षाच्या बियांचे उगवण्याचे प्रमाण त्याच्या पोटातून गेल्यावर सुमारे ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. तिथली वर्षावने १९८८ मध्ये जागतिक वारसा ठरली, तरी त्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांखाली कॅसोवरी आजही मरतात.