पूर्ववर्ती की अध्यारोपित? काल्पनिक जगातल्या डोंगर चिरणाऱ्या नद्या

काल्पनिक जगाचा नकाशा काढणारे एक वाक्य हमखास लिहितात: ‘नदीने डोंगर फोडून वाट काढली.’ कृपा करून हे लिहू नका. पाणी चढ चढत नाही. उभ्या डोंगरासमोर आलेली नदी वळसा घालते, नाहीतर मागे तुंबते. (तुंबलेलं पाणी खिंडीवरून ओसंडलं तर तिथे घळई पडू शकते, पण तो वेगळा विषय.) नदी खडक झिजवते ती सोबत वाहून नेलेल्या वाळूगोट्यांनी घासून, हे तुम्हाला माहीतच आहे.

तरीही डोंगर चिरून गेलेल्या नद्या असतात, आणि खरा घोळ होतो तो त्यांच्या दोन प्रकारांमध्ये: पूर्ववर्ती आणि अध्यारोपित.

पूर्ववर्ती नदी डोंगराच्या आधीची. ती वाहत असतानाच खालची जमीन उचलली जाते आणि नदी त्याच वेगाने तळ कापत राहते. विळीचं पातं जागचं हलत नाही, चिरायची वस्तू त्यावर दाबली जाते, तसं. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा हिमालयाहून जुन्या मानल्या जातात. धौलागिरी (8,167 मीटर) आणि अन्नपूर्णा (8,091 मीटर) या शिखरांच्या मधून नेपाळमधली काली गंडकी नदी जाते, ती काही त्यांच्यावर चाल करून गेलेली नाही.

अध्यारोपित नदीत डोंगर आधीचाच, पण गाडलेला. नदीने वाट धरली ती वरच्या सपाट थरांवर, खाली काय पुरलंय याचा तिला पत्ताच नव्हता. थर झिजता झिजता कठीण कड (पुरलेल्या डोंगराची धार) लागली, तोवर ती आपल्याच पात्रात अडकलेली. मग कड कापणं भाग. आजूबाजूचा मऊ खडक निघून गेला आणि डोंगर उघडा पडला.

नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून लोक कुठलंही नाव ठोकून देतात. घळईत उभं राहून पाहा. पूर्ववर्ती नदीच्या पात्रापासून कितीतरी उंच, कड्यातल्या एखाद्या टप्प्यावर, नदीतलेच गुळगुळीत गोटे सापडतात. डोंगर अजून उठतोय, त्यामुळे भूकंप आणि दरडी आल्याच. अध्यारोपित नदीकाठी सगळं थंडावलेलं असू शकतं. कडांचे माथे बऱ्याचदा साधारण एकाच उंचीवर, आणि कडेच्या टोकाला सोपी वाट असूनही नदी बरोब्बर मधून गेलेली.

तुमचे डोंगर उंच आणि बर्फाळ असतील तर पूर्ववर्तीच घ्या, मी तरी दुसरी घेणार नाही. आणि काळाचा हिशोब ठेवा. नदीचा तळ कापण्याचा वेग वर्षाला 1 मिलिमीटर धरला तरी हजार वर्षांपूर्वीच्या राजाला दिसलेली घळई आजच्याहून फक्त 1 मीटर उथळ. ‘आजोबांच्या वेळी इथे अखंड डोंगर होता’ असं कुणाच्या तोंडी घालू नका.