व्हाउचरवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची सक्तीची चाचणी (अमेरिका)

अमेरिकेतील अनेक राज्ये सरकारी पैशातून मुलांची खासगी शाळेची फी भरतात; या मदतीला व्हाउचर म्हणतात. या मुलांची प्रमाणित (सर्वांना एकाच पद्धतीने दिली व तपासली जाणारी) चाचणी घेण्याची अट त्यांतल्या बऱ्याच राज्यांनी शाळांना घातली आहे. सरकारी शाळांत तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कुलात एकदा वाचन व गणिताची चाचणी संघराज्याच्या कायद्यानेच बंधनकारक असते. खासगी शाळांना तो कायदा लागू नाही, त्यामुळे जितकी राज्ये तितके नियम.

खरा वाद चाचणी घ्यावी की नाही यापेक्षा कोणती घ्यावी, यावर आहे. इंडियाना हे राज्य खासगी शाळांनाही सरकारी शाळांतली, म्हणजे राज्याचीच परीक्षा घ्यायला लावते. सरकारी शाळेशी थेट तुलना त्यामुळेच शक्य होते. फ्लोरिडात शाळा देशपातळीवरच्या मान्य चाचण्यांतून निवड करते. त्यातून मूल देशभरातल्या समवयस्कांत कुठे आहे ते कळते, शेजारच्या सरकारी शाळेपुढे ते कुठे ठरते हे मात्र नीट कळत नाही. ॲरिझोनाची, पालकांना शिक्षणावर खर्च करण्यासाठी सरकारी पैशाचे खाते देणारी योजना २०२२मध्ये सर्वांना खुली झाली; तिच्यात चाचणीची अटच नाही.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराची व्हाउचर योजना १९९०ची, पण तिच्यातल्या खासगी शाळांना राज्याची परीक्षा सक्तीची झाली ती २०१०–११पासून. पहिल्याच निकालात व्हाउचरवरची मुले सरकारी शाळांतल्या मुलांपेक्षा सरस दिसली नाहीत. सरकारी शाळांत सुस्थितीतील घरची मुलेही असतात, तेव्हा नुसत्या सरासऱ्या शेजारी मांडणे बरोबर नाही, असा योजनेच्या समर्थकांचा आक्षेप होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. गंमत म्हणजे त्याच वर्षी दीर्घकालीन अभ्यासात व्हाउचरवरच्या मुलांची वाचनातली प्रगती वाढलेली आढळली. हे श्रेय शाळांचे की निकाल जाहीर होण्याच्या धाकाचे, हे वेगळे काढता आले नाही.

लुइझियानात जागांसाठी सोडत होती. नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली असता, नंबर लागलेल्यांचे गणिताचे गुण पहिल्या वर्षी बरेच घसरलेले निघाले. याचे कारण काहींच्या मते असे, की पटसंख्या घटलेल्या शाळाच योजनेत अधिक आल्या होत्या. इतरांनी, परीक्षा सरकारी अभ्यासक्रमावर बेतलेली होती, याकडे बोट दाखवले.

राजधानी वॉशिंग्टनची योजना २००४ची, संघराज्याच्या पैशावर चालणारी. तिथे सुरुवातीला सरकारी शाळांचीच चाचणी सक्तीची होती; २०१७च्या कायद्याने तिच्या जागी देशपातळीवरची कोणतीही प्रमाणित चाचणी चालू लागली.