वाद्यवृंदाचा संचालक केवळ हातवारे करतो का?

"पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोरचा संचालक शोभेसाठी छडी हलवतो, वादक कागद पाहूनच वाजवतात," असा मजकूर नाशिकमधील संगीतप्रेमींच्या गटांवरही वर्षानुवर्षे फिरतो. संचालक स्वतः एकही सूर वाजवत नसल्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे.

वादकापुढील कागदावर बहुधा त्याच्याच वाद्याचे सूर असतात. सर्व वाद्यांची एकत्रित स्वरलिपी संचालकापुढे असते. शिवाय रंगमंचावर दोन वादकांत १७ मीटर अंतर असेल, तर आवाजाला ते कापण्यास सेकंदाचा सुमारे विसावा भाग लागतो, म्हणून केवळ कानावर विसंबणारा वादक किंचित मागे पडतो. हाताची खूण मात्र सर्वांना जणू एकाच क्षणी दिसते. आपल्या मोठ्या ढोलपथकातील मागच्या रांगाही याच कारणाने पुढच्या खुणेवर नजर ठेवतात. लय किती ठेवायची, कोणते वाद्य पुढे आणायचे, कोणते दबवायचे, हे बहुतांशी तालमीतच ठरते आणि संचालकाचे खरे काम तिथेच होते, असे मला वाटते.

छोटे वृंद संचालकाविना वाजवतात, हे खरेच आहे. अठराव्या शतकात कळफलकवाद्य वाजवणारा किंवा पहिला व्हायोलिनवादकच नेतृत्व करीत असे, आणि छडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळली. आजही काही पियानोवादक वाजवता वाजवताच मानेच्या खुणांनी वृंद चालवतात.

पडताळणीसाठी एखाद्या मैफलीचे चित्रीकरण पाहावे: पहिला सूर उमटण्यापूर्वीच संचालकाचा हात वर गेलेला दिसतो, आणि त्या उचलीच्या वेगातच पुढची लय सांगितलेली असते.