चाड्यावरची मूठ अन् लाईटवाला बाहुला

"सराव केला की हात बसतोच", असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, मीही म्हणायचो. मागच्या महिन्यात गावच्या शाळेत सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवायचं, ट्रेनिंग झालं अन् मत बदललं. प्लॅस्टिकचा बाहुला, छातीत सेन्सर. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली अन् वेग मिनिटाला १०० ते १२० असला तरच हिरवा लाईट, नाहीतर पिवळा. आमच्या आशाताई आधी भीत भीत दाबत होत्या, सगळा पिवळाच. पंधरा-वीस दाबांत त्यांनी आपोआप कोपर ताठ केलं, खांदे हातांच्या वर आणले अन् हिरवा लागला, कोणी काही सांगितलंच नव्हतं.

आता तिफणीचं, म्हणजे पेरणीच्या अवजाराचं पहा. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तिच्या वाटीवर, मूठ धरणाऱ्याला दाणे दाट पडले की पातळ हे कळतं ज्वारी उगवल्यावर, म्हणजे पाच-सहा दिवसांनी. म्हणूनच मूठ बसायला हंगामावर हंगाम जातात.

याचं कारण डोक्याच्या मागे खाली असलेल्या लहान मेंदूत आहे, अन् मला ते फार आवडतं. तिथल्या एकेका पुर्किंजे पेशीला लाखाच्या वर बारीक तंतू जोडलेले असतात, हात कुठं आहे, जोर किती लागला अशा खबरा आणणारे. पण चढता तंतू म्हणतात तो मात्र पेशीमागे एकच. हालचाल चुकली की तो जोरात सिग्नल देतो, अन् त्याच्या जरा आधी जे बारीक तंतू चालू होते नेमक्या त्यांच्याच जोडण्या ढिल्या पडतात. जेम्स आल्बसनं १९७१ मध्ये हे कागदावर मांडलं, जपानच्या मासाओ इतोनं १९८२ मध्ये प्रयोगात दाखवलं. ही खिडकी सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याएवढीच उघडी असते, पाच दिवसांनी कोंब पाहून कोणती जोडणी ढिली करायची हे पेशीला कसं कळणार?



पण लाईट कायमचाही नको. प्रत्येक वेळी लगेच निकाल मिळाला तर हात त्यावरच टेकतो अन् लाईट गेला की घसरतो, १९८४ मध्ये साल्मोनी, श्मिट अन् वॉल्टर या संशोधकांनी जुने प्रयोग तपासून हेच मांडलं. आमच्या सरांनी शेवटच्या फेरीला लाईटवर रुमाल टाकला. ताईंनी मोठ्यानं मोजत तीस दाब दिले, मग मशीनमधली नोंद पाहिली. चार सोडून सगळे बरोबर. त्या म्हणाल्या, "अजून एकदा, रुमाल राहू द्या."