तोंडाचा शेक आणि ओटीपोटाचा शेक : दोघांचं खाणं एकसारखं का नसतं

रेडिएशनच्या वेटिंगमध्ये जबड्याच्या कॅन्सरवाल्याची बायको आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवालीची सून शेजारी शेजारी बसलेल्या असतात, नंबर लागायला वेळ असतो, मग तुम्ही काय देता आम्ही काय देतो सुरू होतं आणि घरी जाताना दोघी एकमेकींचा डाएट घेऊन जातात. दोघींना वाटतं शेक (रेडिएशनलाच शेक किंवा लाईट म्हणतात) तोच, मशीन तेच, मग खाणंही तेच. आणि चार दिवसांनी एकीच्या सासूला दूध पिऊन जुलाब लागलेले असतात नि दुसरीच्या नवऱ्याचं वजन नुसत्या ताकावर अजून उतरलेलं असतं.

केमोचं औषध रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. रेडिएशन जिथे मारतात साधारण तिथेच काम करतं आणि त्रासही बहुतेक तिथलाच होतो (थकवा सोडून, तो सगळ्यांनाच येतो). म्हणजे तोंड-गळ्याला लाईट घेणाऱ्याचं आतडं व्यवस्थित असतं, तूप पचतं, अंडं पचतं, अडचण एवढीच की घास आत जात नाही. ओटीपोटाला लाईट घेणाऱ्या बाईचं तोंड अगदी नीट असतं, चव लागते, गिळता येतं, पण गेलेलं आतडं नीट शोषत नाही आणि दिवसातून सहा-सात वेळा पळावं लागतं. एवढं डोक्यात बसलं की पुढचं अर्धं आपोआप कळतं.

आधी तोंडाचं घेऊ कारण आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मशेरीमुळे हे पेशंट भरपूर आहेत आणि हाल पण यांचेच जास्त होतात. साधारण ६ ते ७ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, ३० ते ३५ सिटिंग. पहिला आठवडा माणूस मस्त जेवतो आणि घरच्यांना वाटतं काही नाही होत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, लाळ आधी चिकट होते मग आटते, चव जाते, पाणी गिळताना पण डोळ्यात पाणी येतं. म्हणून पहिल्या आठवड्यात भरपूर खाऊन घ्यायचं, तेव्हा हलकं खा वगैरे अजिबात नाही.

आता घरोघरी होणारी गडबड. गिळता येत नाही म्हटल्यावर पातळ द्यायला लागतात, म्हणजे डाळीवरचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस, भाताची पेज. दिवसभर माणूस काहीतरी पीतच असतो त्यामुळे सगळ्यांना वाटतं पोटात जातंय, पण डाळीचं प्रोटीन खाली बसलेल्या डाळीत राहिलं आणि वरचं पाणी पेशंटला गेलं! किलोमागे रोज साधारण २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रोटीन. अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतं, आता नारळपाण्याचा हिशोब तुम्हीच करा. पातळ हवं पण दाट-पातळ हवं. डाळ-तांदूळ गुरगुट्या शिजवून मिक्सरमधून काढून वर दोन चमचे तूप, नाचणीची खीर दुधात आणि त्यात दुधाची पावडर, शिकरण, कस्टर्ड, मऊ ऑम्लेट, पनीर बारीक करून वरणात. लाल तिखट, लिंबू, चिंच, आंबट दही, टोमॅटोचं सार, गरमागरम चहा हे सगळं बंद कारण आग होते. कोमट किंवा गार द्यायचं. जेवायच्या आधी मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ, आणि डॉक्टरने दिलेलं सुन्न करायचं औषध जेवणाच्या आधी घ्यायचं, बरेच जण ते झोपताना घेतात, त्याचा जेवायला काय उपयोग.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करायचं. महिन्यात ५ टक्क्यांहून जास्त उतरलं (६० किलोवाल्याचं ३ किलो) तर ते नुसतं अशक्तपणाचं काम नाही, चेहऱ्यावर बसवायचा जो जाळीचा मास्क असतो तो सैल पडतो, मग नेम चुकायची भीती म्हणून परत स्कॅन, परत प्लॅनिंग. त्यात सिटिंगला गॅप पडला तर कॅन्सरच्या पेशींना परत वाढायला वेळ मिळतो. जेवण द्यायला नाकातून नळी म्हटलं की घरचे हादरतात, नळी लागली म्हणजे संपलं असं वाटतं त्यांना. माझं तर स्पष्ट मत आहे की डॉक्टर म्हणाले तर नळी लवकर घालून घ्यावी, वजन ७-८ किलो उतरल्यावर घालण्यात काय अर्थ. नळीतून देताना डोकं उंच आणि नंतर अर्धा तास तसंच बसवायचं. आणि नळी असली तरी तोंडाने जेवढं जातंय तेवढे घोट चालू ठेवायचे, डॉक्टरने मना केलं नसेल तर, नाहीतर गिळायचे स्नायू आळशी होतात.

आता ओटीपोट. गर्भाशयमुख, प्रोस्टेट, गुदाशय यातलं काही. गर्भाशयमुखाला साधारण २५ ते २८ सिटिंग बाहेरून आणि मग आतून, म्हणजे किरणं देणारं साधन आत ठेवून. इथे अडचण जुलाब, मुरडा, गॅस. आतड्याच्या अस्तराला लाईट लागली की दुधातली साखर पचवणारा रस कमी पडतो, म्हणून जिला आयुष्यभर दूध चाललं तिलाच आता ग्लासभर दुधाने पोटात कळ येते. तिला गोड ताजं दही, ताक बऱ्याचदा सोसतं. म्हणजे बघा, तोंडवाल्याला दूध जातं पण आंबूस ताकाने आग होते, हिला बरोब्बर उलटं. तुपाचं पण तसंच, त्याला वरून घाला आणि हिला जुलाब असतील तर हात आखडता. तिखटाने त्याचं तोंड पेटतं, हिला शौचाला जाताना आग होते, तेवढं एक दोघांना सारखं.

हिचं ताट म्हणजे मऊ भात, मूगडाळ, उकडलेला बटाटा, केळं, शिजवलेलं सफरचंद, अंडं, वाफवलेले मासे. राजमा, चवळी, कोबी, तळण, कडक कॉफी नको. फायबर सगळं बंद असं पूर्वी सरसकट सांगायचे, पण लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलचा २०१७ साली छापून आलेला अभ्यास आहे, त्यात जास्त फायबर खाणाऱ्यांना पोटाचा त्रास उलट कमी झाला. तेव्हा जुलाब नसताना भाज्या-फळं स्वतःहून बंद करून टाकू नका, डाएटिशियनला विचारा. जुलाब लागले की ओआरएस, आणि थांबवायची गोळी विचारूनच.

पाण्याचा पण फरक आहे. ओटीपोटाच्या बऱ्याच पेशंटना आधी लघवी करून मग अर्धा लिटरच्या आसपास पाणी पिऊन थांबायला सांगतात, लघवीची भरलेली पिशवी आतडं वर ढकलते आणि लाईटच्या वाटेतून बाजूला काढते. किती प्यायचं आणि किती वेळ थांबायचं हे तिथला टेक्निशियन सांगेल तेच रोज तसंच्या तसं करायचं. गॅस झाला तरी आतली जागा सरकते, त्यामुळे सिटिंगच्या दिवशी मिसळ नको हे सांगायला नको. तोंडवाल्याला या पाण्याशी काही देणंघेणं नाही, पण त्याचाही डाएट म्हणून ते पाणी पाजणारे लोक आहेत. मग पोट पाण्याने भरतं आणि खीर तशीच राहते.

सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) चालू असेल तर मळमळ दोघांनाही होते आणि किडनीसाठी पाणी दोघांनाही लागतं, ते वेगळं. उपास दोघांनीही करू नये, एकादशी नाही आणि श्रावणी सोमवार पण नाही. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो हे व्हॉट्सअॅपवर फिरतं, तसं होत नाही, पेशंट मात्र उपाशी राहतो (शुगरवाल्यांनी आपलं पथ्य पाळायचंच). अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, गव्हांकुराचा रस, कुणी दिलेला काढा हे डॉक्टरला दाखवल्याशिवाय नको. आणि बाहेरून लाईट घेणाऱ्याचं ताट-वाटी वेगळं ठेवायची काही गरज नसते, त्याच्या अंगात किरणं उरत नाहीत, नातवंडांसोबत बसून जेवू दे.

शेवटच्या सिटिंगनंतर तोंडवाल्याचे पुढचे एक-दोन आठवडे सगळ्यात वाईट जाऊ शकतात, त्यामुळे ट्रीटमेंट संपली म्हणून त्याच दिवशी नळी काढायचा हट्ट नको. चव यायला काही महिने लागतात, लाळ काहींची पूर्ण येतही नाही, मग पोळी आमटीत किंवा दुधात कुस्करून खायची सवय करावी लागते. ओटीपोटवालीचे जुलाब साधारण दोन-चार आठवड्यांत बसतात, मग दूध अर्ध्या कपाने चालू करून बघायचं, उसळी त्यानंतर, एका वेळी एकच नवीन पदार्थ.